बाबासाहेबांच्या प्रवासांचा नकाशा : बडोद्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आयुष्यभर कुठे कुठे गेले आणि कसे गेले, याचा नकाशा आम्ही बडोद्यातली काही मराठी मंडळी मिळून करतो आहोत. कामाला लागल्यापासून व्हॉट्सॲपवर, रावपुऱ्यातल्या ओट्यांवर आणि जयंतीच्या मंडपात तेच तेच प्रश्न येतात. ते एका जागी आणले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत, थोडी काटछाट सोडली तर.

१. हा नकाशा म्हणजे नक्की काय? चरित्रच ना, फक्त ठिपक्यांत?

चरित्रापेक्षा बरंच कमी, आणि एका बाबतीत जास्त. बाबासाहेब १४ एप्रिल १८९१ ला महूला जन्मले आणि ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत गेले. या पासष्ट वर्षांतल्या प्रत्येक प्रवासाची आम्ही एक ओळ करतो: कुठून निघाले, कुठे पोचले, तारीख, वाहन, कारण, वाटेतले थांबे आणि माहितीचा भरवसा. त्यांचे ग्रंथ आणि त्यांचं राजकारण यांची चर्चा इथे नाही.

जास्त काय, तर वाट. चरित्रात 'ते चाळीसगावला उतरले' हे वाक्य वाचून आपण पुढे जातो. नकाशा करणाऱ्याला तसं पुढे जाता येत नाही. स्टेशनवरून वस्तीत कसे गेले, पायी की टांग्याने, टांगा कोणी हाकला, हे त्याला विचारावंच लागतं. बाबासाहेबांच्या बाबतीत बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथेच सापडते.

२. हे काम बडोद्याच्या लोकांनी का करावं? महू किंवा मुंबई जास्त योग्य नाही का?

त्यांनीही करावं, आनंदच आहे. पण नकाशा पसरून बघा: मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी १९१३ ची रेषा बडोद्याच्या पैशावर उभी आहे. महाराज सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. मग ४ जून १९१३ ला परदेशी शिक्षणाचा करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी.

त्याच बडोद्यात १९१७ मध्ये त्यांना राहायला खोली मिळाली नाही. शिष्यवृत्ती देणारं शहर आणि जागा नाकारणारं शहर एकच आहे. आपण बडोदेकर सयाजीरावांचं नाव अभिमानाने घेतो, आणि घ्यावंच; पण मग दुसरा ठिपकाही आपल्याच हातांनी लावायला हवा. (तो कुठे लावला, ते प्रश्न ५ मध्ये.)

३. पहिला ठिपका महूला की आंबडव्याला?

महूला. आंबडवे हे मंडणगड तालुक्यातलं घराण्याचं मूळ गाव. आंबेडकर या आडनावाची मुळंही तिथेच जातात. पण हा नकाशा घराण्याचा नाही, एका माणसाचा आहे. म्हणून आंबडवे फिकट रंगात, पार्श्वभूमी म्हणून दाखवलं आहे.

इंदूरचे नातेवाईक इथे हमखास भर घालतात की महू म्हणजे इंदूरच. जवळ आहे हे खरं, वीस-पंचवीस किलोमीटर. पण तेव्हा महू ही इंग्रजांची लष्करी छावणी होती, भोवती होळकरांचं राज्य. वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत शिकवत होते म्हणून कुटुंब तिथे होतं. ते निवृत्त झाले आणि बिऱ्हाड हललं: दापोली, मग सातारा, मग मुंबई. हे सगळे लहानपणीचे प्रवास एकाच जाडीच्या रेषेत आहेत, कारण ते त्यांनी ठरवलेले नव्हते.

४. तारखा खात्रीच्या आहेत का? प्रत्येक पुस्तकात वेगळी तारीख दिसते.

म्हणूनच प्रत्येक ओळीपुढे अ, ब किंवा क लिहिलेलं असतं. त्या काळच्या कागदावर तारीख असेल (शाळेचं रजिस्टर, करारपत्र, परिषदेचं इतिवृत्त, वर्तमानपत्र), तर अ. साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झाल्याची ७ नोव्हेंबर १९०० ही तारीख अशी आहे. महाराष्ट्रात ती आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. नंतर लिहिलेल्या चरित्रात किंवा आठवणीत तारीख असेल आणि दुसऱ्या कशाशी तिचा मेळ बसत असेल, तर ब. नुसती ऐकीव असेल तर क.

दोन चांगल्या साधनांत दोन तारखा असतील तर आम्ही एक निवडून दुसरी पुसत नाही. 'एप्रिल १९२३' इतकंच लिहितो आणि रेषा तशीच राहते. तारीख अंधुक असली म्हणून प्रवास खोटा ठरत नाही.

५. बडोद्यात बाबासाहेब नेमके कुठे कुठे होते? आम्हाला जाऊन बघायचं आहे.

दोन वेळा आले, दोन्ही वेळा थोडेच दिवस. पहिल्यांदा जानेवारी १९१३ मध्ये, बी. ए. झाल्यावर संस्थानच्या नोकरीसाठी. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली आणि ते निघाले (पुढचं प्रश्न ६ मध्ये).

दुसऱ्यांदा १९१७ मध्ये, कोलंबिया आणि लंडनहून परतल्यावर, कराराप्रमाणे. संस्थानच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी सुरू झाली. राहायला कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी सराईत, रोज दीड रुपया भाडं देऊन, पारशी नाव नोंदवून ते राहिले. वरच्या मजल्यावर एकटेच. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत असताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळच्या आत खोली सोडायला सांगून गेले. त्यांनी गावातल्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राला विचारून पाहिलं. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचा वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला.

नकाशावर स्टेशन आणि कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग, हे पक्के ठिपके आहेत. सराईसाठी ठिपका न देता शहराच्या भागाभोवती वर्तुळ काढलं आहे. बागेजवळची संकल्पभूमी (अस्पृश्यता मिटवण्याचा संकल्प त्यांनी इथे केला असं लोक मानतात) आणि तिथलं वडाचं झाड यांना वेगळं चिन्ह आहे: त्यांच्या लिखाणात बाग आहे, वड लोकांच्या आठवणीतून आला आहे. २३ सप्टेंबरला संकल्प दिनाला तिथे मोठी गर्दी होते, आणि त्या गर्दीला स्वतःचा असा इतिहास आहेच. फक्त दोन चिन्हं एक करू नका.

६. सूरतच्या स्टेशनवर ठिपका कशाला? तिथे तर काहीच घडलं नाही.

घडलं. १९१३ मध्ये वडिलांसाठी बडोद्याहून निघाल्यावर ते सूरतला मिठाई घ्यायला खाली उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी मुंबईला पोचले तेव्हा वडील शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ ला ते गेले. एवढ्याने इतिहास बदलला नाही, मान्य. पण हा ठिपका काढायला आमच्यातलं कोणीच तयार नाही. बडोद्याच्या माणसाला सूरतच्या फलाटावर खाली उतरणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

७. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय की ते १९१८ मध्ये परतले. तुम्ही १९१७ का लावता? त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?

हा प्रश्न रागाने येतो, पण प्रश्न चांगला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात त्यांनी लंडनला १९१७ मध्ये गेलो आणि १९१८ मध्ये परतावं लागलं असं लिहिलं आहे. पण ग्रेज इन या लंडनमधल्या बॅरिस्टरीच्या संस्थेतला त्यांचा प्रवेश नोव्हेंबर १९१६ चा आहे, म्हणजे ते तेव्हाच लंडनला होते. मुंबईत ते २१ ऑगस्ट १९१७ ला उतरले. नोव्हेंबर १९१८ मध्ये तर ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

आठवणी कित्येक वर्षांनी लिहिल्या जातात, आणि वर्ष ही त्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट असते. सराईतली अंधारी खोली, दीड रुपया, अकरावा दिवस, नऊची गाडी हे त्यांना बरोबर लक्षात होतं. म्हणून घटना त्यांच्या शब्दांवरून घेतल्या आणि वर्ष कागदांवरून. दोन्ही वर्षं ओळीच्या शेऱ्यात दिसतात.

८. काही ठिकाणी लाल ठिपक्याऐवजी काळा चौकोन आहे. ते काय?

जिथे त्यांना थांबू दिलं नाही, पाणी दिलं नाही किंवा वाहन दिलं नाही, त्या जागा. आमच्या मते हा नकाशा या चौकोनांसाठी आहे. रेषा कोणीही काढेल. कुठलाही मोठा नेता भरपूर फिरतोच. थांबायला जागा मिळणं हाच ज्याच्या प्रवासातला मोठा प्रश्न होता, त्याचा नकाशा रेषांवरून वाचला तर चुकीचा वाचला जातो.

पहिला चौकोन मसूर स्टेशन, १९०१. दहा वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुलं वडिलांकडे निघाली होती. पत्राचा निरोप वडिलांना मिळालाच नाही, म्हणून घ्यायला कोणी आलं नाही. पोरं महाराची आहेत कळल्यावर एकही गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडं घेऊन एकाने मान्य केलं, तेही मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि तो बाजूने चालणार या अटीवर. डब्यात खायला होतं, पण रात्रभर पाणी कोणी दिलं नाही. टोलनाक्यावर गाडीवानाच्या सांगण्यावरून 'आम्ही मुसलमान' म्हणून पाहिलं, तरी मिळालं नाही.

दुसरा बडोदा, प्रश्न ५ मध्ये आलाच.

तिसरा चाळीसगाव, १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते सभासद होते आणि धुळ्याहून परतत होते. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी आग्रहाने उतरवून घेतलं. स्टेशनवर बराच वेळ ताटकळावं लागलं, कारण महाराला टांग्यात बसवायला टांगेवाले तयार नव्हते. मग टांगा भाड्याने घेतला आणि वस्तीतल्याच एकाने हाकला. त्याला सवय नव्हती. मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा नदीत. वस्तीतल्या लोकांना पाहुण्याला पायी नेणं कमीपणाचं वाटलं होतं. या एका चौकोनावर आम्ही सगळ्यात जास्त बोललो आहोत: एवढा शिकलेला, सरकारने नेमलेला माणूस, आणि टांगेवाल्याच्या लेखी तरीही काहीच फरक नाही.

चौथा दौलताबाद, १९३४. तीसेक जण वेरूळच्या सहलीला निघाले होते. किल्ल्याच्या दाराजवळच्या टाक्यात काहींनी हात-पाय धुतले. तेवढ्यावरून टाकं बाटवलं म्हणून मुसलमान जमाव धावून आला. शेवटी शिपाई सोबत देऊन आत सोडलं, कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर.

९. हे चौकोन काढून टाका ना. पारशी, मुसलमान, हिंदू सगळेच दुखावतात. जयंतीला वाद नको.

चौकोन काढणार नाही. उलट चारही एकत्र पाहिले की वाद कमीच होतो. मसूरला हिंदू गाडीवान, बडोद्याला पारशी, चाळीसगावला टांगेवाले, दौलताबादला मुसलमान. बाबासाहेबांना हेच दाखवायचं होतं की अस्पृश्यता हिंदूंच्या घरातून निघून इतरांच्याही अंगवळणी पडली आहे. एकच चौकोन उचलून कोणा एका समाजाकडे बोट दाखवणारे निरोप फिरतात, ते या नकाशाचा गैरवापर करतात.

आणि ज्या पारशी समाजाने बडोद्यात खोली काढून घेतली, त्याच समाजातल्या नवल भथेना या मित्राने १९२० मध्ये पुन्हा लंडनला जायला पैसे उसने दिले. ती रेषाही नकाशावर आहे, शेऱ्यात नाव लिहून.

१०. बडोदा ते मुंबई रेषा तुम्ही मुंबई सेंट्रलपर्यंत का नेत नाही?

१९१३ आणि १९१७ मध्ये मुंबई सेंट्रल नव्हतंच. ते १९३० मध्ये सुरू झालं. बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेची लाइन तेव्हा कुलाब्यापर्यंत जात होती. आमच्यातले एक निवृत्त रेल्वेवाले काका या बाबतीत कोणालाच सवलत देत नाहीत, आणि ते बरोबर आहेत.

नियम असा: आजच्या ॲपमधला रेल्वेमार्ग उचलून जुना प्रवास काढायचा नाही. जुन्या ब्रॅडशॉ वेळापत्रकात तेव्हाची स्टेशनं बघायची. साताऱ्याकडचा पुणे-मिरज मार्ग तेव्हा मीटर गेज होता आणि शहरापासून स्टेशन दहा मैलांवर. तिथवरचा टांगा हासुद्धा प्रवासाचाच भाग आहे, म्हणून त्याची तुटक रेषा वेगळी आहे. उलट धुळे-चाळीसगाव फाटा तेव्हाही होता, म्हणून तिथे फारसं काम पडलं नाही.

११. १९०१ चा तो प्रवास गोरेगावचा की कोरेगावचा?

छापील साधनांत दोन्ही नावं आढळतात. तपशील एकाच गोष्टीचे आहेत: सातारा जिल्हा, खटाव तालुका, दुष्काळी कामावर तलावाचं खोदकाम, वडील तिथे खजिनदार, उतरायचं स्टेशन मसूर. कोरेगाव हे स्वतः तालुक्याचं गाव आणि त्याच रेल्वेमार्गावरचं स्टेशन. तिथे जायचं असतं तर मुलांनी पुढे मसूरला उतरून रात्रभर बैलगाडी कशाला केली असती? म्हणून नकाशावर गोरेगाव आहे आणि शेऱ्यात दुसरं नाव. मुंबईचं गोरेगाव समजून कोणी लोकलने जाऊ नये. असाही निरोप एकदा आलेला आहे.

१२. महाडची रेषा समुद्रातून का जाते? महाड तर हायवेवर आहे.

आज आहे. मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डिसेंबरात परिषद पुन्हा भरायची होती. तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे प्रतिनिधी २४ डिसेंबरला मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडपर्यंत चालत गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. कोकणात तेव्हा बोटीने जाणं नेहमीचंच होतं. कोकण रेल्वे तर १९९८ ची.

दासगाव ते महाड ही चालण्याची रेषा लहान आहे. पूर्ण भारताच्या नकाशावर दिसतच नाही. म्हणून महाडसाठी कोपऱ्यात वेगळी चौकट काढली आहे.

१३. परदेशच्या रेषा वाकड्या का? मुंबई-लंडन सरळ ओढली की झालं.

सरळ रेषा विमानाची. १९१३ ते १९३३ चे हे प्रवास बोटीचे होते, आणि बोट इराण-तुर्कस्तानवरून जात नाही. अरबी समुद्र, एडन, तांबडा समुद्र, सुएझ, भूमध्य समुद्र असा मार्ग आहे. टपालबोटीचे बरेच प्रवासी मार्सेलला उतरून पुढे रेल्वेने जात. १९१७ चं परतणं असंच मार्सेलवरून झालं.

त्या वर्षी एक रेषा अर्धवट तुटलेली दिसेल. ती त्यांची नाही, त्यांच्या सामानाची आहे. पुस्तकांसह सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं. महायुद्ध चालू होतं. पाणबुडीने ती बोट बुडवली. माणसाच्या नकाशात सामानाची रेषा असावी का यावर आमच्यात मतभेद आहेत. मी ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण न्यूयॉर्कमध्ये पोट मारून जमवलेली पुस्तकं त्यात होती.

१४. गोलमेज परिषदेच्या तिन्ही रेषा एकमेकींवर चढल्या आहेत. काही कळत नाही.

वर्षाचं बटण दाबून बघा. पहिल्या परिषदेला ते ऑक्टोबर १९३० मध्ये निघाले. दुसरीला १५ ऑगस्ट १९३१ ला, म्हणजे मणिभवनात गांधीजींशी पहिली भेट झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तिसरीला नोव्हेंबर १९३२ मध्ये, पुणे कराराला दोन महिनेही झाले नव्हते. दुसऱ्या वेळी डिसेंबरात ते लंडनहून अमेरिकेलाही जाऊन आले आणि मुंबईत २९ जानेवारी १९३२ ला उतरले; ती फांदी बहुतेक नकाशांतून गळालेली असते. छापील प्रतीत तिन्ही रेषा मुद्दाम थोड्या बाजूला सरकवल्या आहेत. तेवढं खोटं चालतं.

१५. दिल्ली-मुंबई अशी एकच जाड रेषा का? ते तर सारखे ये-जा करत.

म्हणूनच जाड. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यापासून दिल्ली हे त्यांचं कामाचं गाव झालं. पुढे १९४७ ते १९५१ कायदेमंत्री. प्रत्येक फेरी काढली तर काळा पट्टा होईल. सभा, परिषद, न्यायालयाचं काम असं कारण असलेल्या फेऱ्या यादीत स्वतंत्र आहेत, नकाशावर नाहीत.

१६. गावांची जुनी नावं की नवी? आणि सीमा कुठल्या?

शोधताना दोन्ही चालतात. नकाशावर मोठ्या अक्षरात प्रवासाच्या वेळचं नाव, खाली बारीक आजचं: महू आणि डॉ. आंबेडकर नगर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, चांदा आणि चंद्रपूर, रंगून आणि यांगून.

सीमा जास्त महत्त्वाच्या आहेत. १९३४ मध्ये दौलताबादला जाणं म्हणजे इंग्रजी मुलखातून निजामाच्या राज्यात शिरणं. १९२० ची माणगाव परिषद कोल्हापूर संस्थानात झाली, शाहू महाराजांच्या हजेरीत. बडोदा हे तर स्वतःच संस्थान. जुन्या सीमांचा थर चालू केल्याशिवाय हे दिसत नाही. आजच्या भारताची सीमा मात्र सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच ठेवायची. परदेशी संकेतस्थळांवरचे आयते नकाशे इथे हमखास दगा देतात.

१७. आमचे आजोबा सांगायचे की बाबासाहेब आमच्या वाड्यात चहा प्यायले होते. ठिपका लावाल का?

लावू, पोकळ. भरीव ठिपका कागदावरच्या पुराव्याला, पोकळ ठिपका ऐकिवाला. भरवसा 'क' (प्रश्न ४). आजोबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, कोणी कोणाला कधी सांगितलं यासह, आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पत्र, फोटो, सभेचं हँडबिल असं काही असेल तर मूळ वस्तू कोणालाही देऊ नका, मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो पुरे. कित्येक घरांत अशी हँडबिलं कपाटाच्या तळाला वर्तमानपत्राऐवजी अंथरलेली सापडतात. घराचा पत्ता आणि नाव आम्ही छापत नाही.

एक अडचण मात्र सांगतो. ज्या शहरात १९१७ मध्ये त्यांना कोणी घरात घेतलं नाही, त्या शहरात आज चहा पाजलेल्या घरांची संख्या बरीच वाढली आहे.

१८. एकूण किती किलोमीटर फिरले ते? बॅनरवर आकडा हवा आहे.

आकडा देत नाही. बोटीचा मार्ग अंदाजाचा, दिल्लीच्या फेऱ्या एका रेषेत गोळा केलेल्या (प्रश्न १५), पोकळ ठिपके वेगळे. या सगळ्याची बेरीज केली तर आकडा येतो, पण तो कशाचाच नसतो. बॅनरला 'महू ते न्यूयॉर्क' पुरेसं आहे.

१९. शेवटचे दोन महिने नकाशावर इतके गजबजलेले का? आणि ६ डिसेंबरची रेषा वेगळ्या रंगात का?

कारण तब्येत खालावलेली असताना ते सतत फिरत होते. ऑक्टोबर १९५६ मध्ये दिल्लीहून विमानाने नागपूर, १४ तारखेला धम्मदीक्षा, १६ ला चांदा, परत दिल्ली. नोव्हेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडू, परतताना सारनाथ आणि कुशीनगर, मग दिल्ली. त्याआधी १९५० मध्ये कोलंबो आणि १९५४ मध्ये रंगून होऊन गेलेलं. हे ठिपके जोडून पाहिले तर येवल्याच्या १३ ऑक्टोबर १९३५ च्या धर्मांतराच्या घोषणेपासूनची एकवीस वर्षं एका दिशेने सरकताना दिसतात.

६ डिसेंबरला दिल्लीत अलीपूर रोडवरच्या घरी निधन झालं आणि पार्थिव रात्री विमानाने मुंबईला आणलं. ७ ला दादरला अंत्यसंस्कार झाले. हा प्रवास त्यांनी केलेला नाही, म्हणून रंग वेगळा. तो मुळात असावा का, असं विचारणारे आहेत. दादरला दर वर्षी येणारा जनसमुदाय त्याच रेषेच्या टोकाशी येतो, त्यामुळे ती राहते.

२०. सयाजीराव महाराजांचा असाच नकाशा का करत नाही? तेही खूप फिरले.

करायला हवा. १८८७ पासून त्यांच्या युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि त्यांची साधनं इथे बडोद्यातच हाताशी आहेत. पण ते वेगळं काम आहे. दोन्ही एका नकाशात घातले तर महाराजांच्या खास डब्याच्या रेषा आणि वरच्या चौकोनांची सरमिसळ होईल.

२१. मला कॉम्प्युटरचं फारसं येत नाही. मी मदत करू शकते का?

ताई, निम्मं काम वहीचं आहे. एक्सेलमध्ये प्रश्न १ मधले रकाने भरायचे, बस. ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांनी क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर घ्यावं, फुकट आहे. मूळ नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घेतो आणि त्याखाली त्यांचं श्रेय छापतो.

नवख्यांचा एक गोंधळ ठरलेला: जिओजेसनमध्ये (ठिपके-रेषा साठवायच्या फाइलच्या प्रकारात) आधी रेखांश, मग अक्षांश. उलटं टाकलं की बडोदा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. ठिपका बर्फात दिसला तर घाबरू नका, दोन रकाने अदलाबदल करा. आणि देवनागरी नावं युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर नकाशावर चिन्हांचा कचरा होऊन बसतो.

२२. शाळेच्या प्रकल्पाला वापरला तर चालेल? मुलगी गुजराती माध्यमात आहे.

चालेल, परवानगी लागत नाही. नावांचा गुजराती थर तयार आहे. ए-थ्री कागदावर भारत नीट दिसतो. परदेशाच्या रेषा हव्या असतील तर दोन कागद घ्या, एकातच कोंबू नका. मुलांसाठी मी सगळा नकाशा देत नाही, एकच प्रवास निवडायला सांगतो, शक्यतो मसूरचा. त्यातला भीमराव त्यांच्याच वयाचा आहे, आणि बैलगाडीच्या त्या रात्रीबद्दल मुलं जे प्रश्न विचारतात ते या पानावर अजून आलेले नाहीत. ते लिहून पाठवा.